विजेच्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या आणि आपल्या सहकारी संस्था

गुऱ्हाळावर रस काढून झालेले चिपाड कोणी फेकून देत नाही. ते उन्हात वाळते, चुलवाणात जाते, त्याच्या जाळावर काहील तापते आणि मागे उरलेली राख शेतात पडते. आपल्या सहकारी साखर कारखान्यांनी हाच क्रम मोठ्या प्रमाणावर चालविला आहे. तेथे बगॅसपासून वाफ व वीज, मळीपासून मद्यार्क व इथेनॉल आणि प्रेसमडपासून खत होते. एक काम संपले म्हणजे वस्तू संपली, असे मानणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही. हे सांगण्याचे कारण असे की, एक नवी वस्तू आता आपल्या गावांच्या वेशीत आली आहे आणि तिचे पहिले काम संपल्यावर पुढे काय, याचा विचार गावपातळीवर अद्याप झालेला दिसत नाही. ती वस्तू म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी.

विजेच्या स्कूटरी, मालवाहू तीनचाकी व मोटारी कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज येथील रस्त्यांवर आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. खेड्यांतूनही स्कूटरी दिसू लागल्या आहेत. या गाड्यांच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा असतो. वापरता वापरता बॅटरीची वीज साठविण्याची शक्ती हळूहळू घटते. ती मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली म्हणजे गाडी पूर्वीइतकी लांब जात नाही व मालक ती बदलण्याचा विचार करू लागतो. पुण्याच्या पीएमपीएमएलने विजेच्या बसगाड्या २०१९ मध्ये रस्त्यावर आणल्या. टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली व तिच्या बॅटरीस ८ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. म्हणजे आरंभीच्या गाड्यांच्या हमीची मुदत २०२८ पासून सरू लागेल. जुन्या बॅटऱ्यांचा प्रवाह आज ओढ्याएवढा असला, तरी थोड्याच वर्षांत त्यास नदीचे रूप येईल यात शंका नाही.

गाडीस निरुपयोगी झालेली बॅटरी सर्वच कामांस निरुपयोगी होत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. गाडीला वेग लागतो, चढ चढावा लागतो आणि थोडक्या वजनात पुष्कळ शक्ती लागते. एका जागी ठेवून सावकाश वीज द्यावयाची असेल, तर वजनाची व वेगाची अडचण उरत नाही. नांगराला न ओढणारा बैल कोळप्याला चालतो, तसाच हा प्रकार आहे. मात्र बैलाकडून कोणते काम घ्यावे हे जसे धन्याला कळावे लागते, तसेच येथेही आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी पुष्कळांची फसगत होण्याचा संभव आम्हांस दिसतो.

शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येईल तो पंपाचा. शेतीला दिवसा वीज मिळत नाही, हे आपल्या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे. रात्री दारे धरण्यास जाणाऱ्यास साप, विंचू व अंधार यांची सोबत असते. दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकऱ्यांनी कोल्हापुरात महावितरणच्या कचेरीसमोर धरणे धरले होते, हे वाचकांस स्मरत असेलच. तेव्हा रात्रीची वीज जुन्या बॅटरीत भरून ठेवावी व दिवसा तिच्यावर पंप चालवावा, ही कल्पना मोहक वाटते. परंतु हिशेब मांडून पाहिला म्हणजे मोह उतरतो. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे साडेचार युनिट वीज घेतो, म्हणजे आठ तासांस छत्तीस युनिट झाले. स्कूटरची बॅटरी नवी असता सुमारे तीन युनिट साठविते व जुनी झाल्यावर दोन. ती या पंपास अर्धा तासही पुरणार नाही. तीस युनिटांची मोटारीची बॅटरी जुनी होऊन एकवीस युनिटांवर आली, तर ती पाच तासांच्या आतच रिकामी होईल. म्हणजे एका पंपाच्या एका पाळीस दोन मोटारींच्या बॅटऱ्या पाहिजेत! त्यापेक्षा दिवसा सूर्याच्या विजेवर पंप चालवून पाणीच तळ्यात किंवा टाकीत साठविणे पुष्कळ स्वस्त पडते. पाणी साठविण्यास लिथियम लागत नाही. सौर पंपांच्या व सौर कृषी वाहिनीच्या ज्या सरकारी योजना चालू आहेत, त्यांचा पाठपुरावा करणे हाच पंपाच्या बाबतीत सरळ मार्ग होय. जुन्या बॅटरीवर पंप चालवून देतो असे सांगत जो व्यापारी दारी येईल, त्यास वरील हिशेब विचारावा.

मग जुन्या बॅटरीस योग्य काम कोणते? आमच्या मते ते गावच्या दूध संस्थेत आहे. सकाळी दोन-अडीच तास व सायंकाळी तितकेच, असे संस्थेचे संकलन चालते. वजनकाटा, फॅट तपासण्याचे यंत्र, संगणक, पावती छापण्याचे यंत्र व दोन-चार दिवे यांस मिळून तीनशे वॅटच्या आसपास वीज लागते. दोन्ही वेळचे मिळून दीड युनिट होते. ऐन संकलनात वीज गेली की काटा बंद, फॅट बंद आणि दाराबाहेर किटल्यांची रांग! या कामास स्कूटरची दोन युनिटांवर आलेली बॅटरी पुरून उरते. ज्या संस्थेत दूध थंड करण्याचे मोठे यंत्र आहे, तेथे गरज अर्थातच मोठी. हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणण्यास ढोबळ हिशेबाने तेरा ते पंधरा युनिट वीज खर्ची पडते. वीज नसता हेच काम जनरेटरवर केले, तर सुमारे पाच लिटर डिझेल जळते. मोटारीची जुनी बॅटरी एका वेळचे हे काम निभावू शकते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या जिल्हा दूध संघाचे जाळे गावोगाव पसरलेले आहे, आणि तितक्याच ठिकाणी हे लहान व ठराविक वेळेचे काम रोज दोनदा उभे राहते. जुन्या बॅटरीस असेच काम मानवते.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. जपानात निसान व सुमितोमो यांनी २०१० मध्ये जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापरासाठी एक संयुक्त कंपनी काढली व २०१८ मध्ये नामिए या गावी तिचा कारखाना सुरू झाला. तेथे लीफ या मोटारीच्या बॅटऱ्या तपासून त्यांची प्रतवारी होते. उत्तम प्रतीच्या पुन्हा गाडीत जातात व त्याखालच्या स्थिर कामास लागतात. पूर्व जपानच्या रेल्वेने आपल्या काही फाटकांवर, वीज गेल्यास उपयोगी पडणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्यांच्या जागी या जुन्या बॅटऱ्या बसवून पाहिल्या. रेल्वेचे फाटक आणि गावची दूध संस्था यांची गरज एकाच जातीची आहे. काम लहान आहे, पण ऐन वेळी ते अडून चालत नाही.

येथे एक आक्षेप येईल व तो वजनदार आहे. नव्या बॅटऱ्याच जर स्वस्त होत असतील, तर जुनीच्या मागे कशास लागावे? २०१० च्या सुमारास एक युनिट वीज साठविणाऱ्या बॅटरीस जगात हजार डॉलरांहून अधिक पडत. २०२४ मध्ये ही सरासरी ११५ डॉलरांवर, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आत आली. जुनी बॅटरी गोळा करणे, उघडणे, तपासणे, जुळविणे व पुन्हा हमीने देणे यांस खर्च येतो. तो नवीच्या किमतीच्या जवळ गेला की धंदा बुडाला. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणूनच वाटेल ती जुनी बॅटरी वाटेल त्या कामास, हा मार्ग चालणार नाही. एकाच बनावटीच्या, एकाच गाडीतून एकगठ्ठा निघालेल्या, शक्य तर पेटी न फोडता आहे तशा वापरता येणाऱ्या बॅटऱ्या, आणि त्या जवळच्या जवळ वापरणारे एकाच प्रकारचे गिऱ्हाईक, अशी सांगड पडली तरच हिशेब जमेल. शेकडो दूध संस्था एका संघात गुंफलेल्या आहेत, ही सोय इतर कोणा गिऱ्हाइकापाशी आहे?

परंतु किमतीहून मोठा प्रश्न जबाबदारीचा आहे आणि या लेखाचा मुख्य रोख त्याकडेच आहे. शिशाच्या बॅटरीचा अनुभव आपणांस आहे. ट्रॅक्टरची किंवा घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते, कारण शिशाला वजनावर भाव आहे. त्यामुळे ती बॅटरी उकिरड्यावर पडून राहत नाही. ही या व्यवहाराची चांगली बाजू झाली. वाईट बाजू अशी की, भाव असल्यामुळे कोणीही ती फोडतो. आम्ल ओढ्यात सोडले जाते, शिसे उघड्यावर वितळविले जाते व त्याचा धूर आणि माती लेकरांच्या पोटात जाते. लिथियमच्या बॅटरीत संकट उलट दिशेने येण्याचा संभव आहे. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. निकेल व कोबाल्ट असलेल्या बॅटरीस मोडीत चांगला भाव येतो. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत या महाग धातूंचा अंश नसतो, म्हणून मोडवाल्यास तिची फारशी गोडी नसते. गंमत अशी की, हीच लोह-फॉस्फेटची बॅटरी अधिक काळ टिकते व पेट घेण्याचा धोकाही तिच्यात तुलनेने कमी असतो. जी दुसऱ्या कामास अधिक लायक, तिलाच मोडीत भाव कमी! आणि ज्या वस्तूस मोडीत भाव नाही, ती शेवटी कोणाच्या बांधावर येऊन पडेल, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

आमच्या परिचयाच्या एका गावी दूध संस्थेने एका फिरत्या व्यापाऱ्याकडून लिथियमची बॅटरी घेतली. पेटी नवी व चकचकीत होती, परंतु आतील घट कोठल्या गाडीचे, किती वर्षे चाललेले, याचा कागदोपत्री पत्ता नव्हता. एक पावसाळा गेला व बॅटरी मेली. व्यापाऱ्याचा फोन लागेना. मोडवाल्याने हात लावला नाही. ग्रामपंचायतीच्या घंटागाडीने घेतली नाही, आणि ते योग्यच केले. ती बॅटरी आजही संस्थेच्या अडगळीत पशुखाद्याच्या पोत्यांशेजारी पडून आहे. संस्थेचे पैसे गेले ते गेलेच, वर एक धोका घरात येऊन बसला.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम काढले व २००१ चे जुने नियम मागे पडले. नव्या नियमांप्रमाणे बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर ती परत गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. ती पुरणे किंवा जाळणे यास मनाई आहे. विजेच्या गाडीच्या बॅटरीतून २०२६-२७ पासून किमान ९० टक्के द्रव्ये परत मिळविली पाहिजेत, असे बंधन आहे. जुनी बॅटरी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद करावी लागते. बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी देणे हे वापरणाराचेही कर्तव्य ठरविले आहे. अनामत घेऊन ती परत देण्याची किंवा जुना माल विकत घेण्याची पद्धत उत्पादकाने चालवावी अशी मुभा आहे, पण सक्ती नाही. कागदावर हे सर्व ठीक आहे. तथापि उत्पादक चाकणला किंवा परराज्यात, आणि बॅटरी भुदरगडच्या एखाद्या वाडीत. त्या दोहोंच्या मधली वाट कोणी बांधावयाची?

आमचे मत असे की, ही वाट बांधण्याचे काम सहकारी संस्थांनी अंगावर घ्यावे, आणि त्यातील पहिला नियम असा ठेवावा की जुनी बॅटरी विकत घ्यावयाची नाही, ती भाड्याने घ्यावयाची. आपल्या बंधाऱ्यांचेच उदाहरण पाहा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरल्यावर बरगे घालतात व पुढील पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात. तेच बरगे वर्षानुवर्षे चालतात. जेथे ते मोजून घेणारा व मोजून ठेवणारा धनी आहे, तेथे पाणी अडते. जेथे धनी नाही, तेथे बरगे कुजतात किंवा चोरीस जातात व बंधारा उघडा पडतो. बॅटरीसही शेवटपर्यंत एक धनी पाहिजे, आणि तिच्या आतील द्रव्यांचे शेवटी काय करावयाचे हे ज्याला कळते तोच धनी असावा. पुण्याच्या ज्या बसगाड्यांचा वर उल्लेख केला, त्या कंत्राटाने चालतात. बस व तिची बॅटरी कंत्राटदाराची असते आणि पीएमपीएमएल धावलेल्या किलोमीटरांचे पैसे देते. त्यामुळे बॅटरी सांभाळून वापरण्यात व ती संपल्यावर तिची वाट लावण्यात कंत्राटदाराचाच स्वार्थ गुंतलेला असतो. हाच न्याय आपण लावावा. बॅटरी कंपनीची, जागा संस्थेची व भाडे महिन्याचे असावे. ठरलेली वीज मिळाली नाही तर भाडे नाही, आणि मुदत संपताच कंपनीने ती स्वखर्चाने उचलून न्यावी. करार एकट्या संस्थेने करू नये. एका गावच्या एका बॅटरीसाठी कोणतीही कंपनी आपला माणूस पाठविणार नाही. पाचशे गावांच्या पाचशे बॅटऱ्यांसाठी पाठवील. म्हणून करार संघाने करावा.

दुसरा नियम कागदाचा. सातबारा पाहिल्यावाचून कोणी जमीन घेत नाही. बॅटरीचाही सातबारा मागावा. ती कोणी बनविली, कोणत्या साली, कोणत्या प्रकारची, कोणत्या गाडीत किती चालली, आज तिच्यात मूळच्या किती टक्के शक्ती उरली, ही मोजणी कोणी व केव्हा केली आणि हमी कोणाची, इतक्या नोंदी नसतील तर बॅटरी संस्थेच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. युरोपातील देशांनी २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने गाड्यांच्या प्रत्येक बॅटरीस असा दाखला फेब्रुवारी २०२७ पासून सक्तीचा केला आहे. आपल्या सरकारनेही तो करावा अशी मागणी शेतकऱ्यांच्या संघटनांनी लावून धरावी. तोवर संघाने आपल्या करारात तो घालून घेण्यास कोणाची आडकाठी नाही.

तिसरा नियम जागेचा. मार्च २०२२ मध्ये पुण्यात विजेच्या एका स्कूटरने भर रस्त्यात पेट घेतला. त्या सालातील अशा अनेक घटनांनंतर सरकारने बॅटऱ्यांच्या कसोट्या डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक केल्या. जुन्या बॅटरीच्या बाबतीत दक्षता दुप्पट पाहिजे. ती कडब्याच्या गंजीजवळ, पशुखाद्याच्या कोठारात किंवा जेथे माणसे निजतात तेथे ठेवू नये. वारा खेळेल अशी वेगळी पक्की खोली असावी. आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यास विशेष लागू आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही सालांत पाणी ५५ फुटांच्या वर चढले होते. शिरोळ, हातकणंगले व करवीर तालुक्यांतील पूरग्रस्त गावांनी २०१९ व २०२१ च्या पुराची खूण भिंतीवर पाहून तिच्याही वर बॅटरीची जागा करावी. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी पाणी ओसरल्यावर काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. म्हणून ती पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह कोणी धरू नये.

हे सर्व तपासणार कोण, असा प्रश्न कोणी विचारील. कोल्हापूरकरांनी तो विचारू नये. बाहेरून आलेली ऑइल इंजिने उघडून, समजून घेऊन, तशी इंजिने येथेच घडविणारे कारागीर या शहराच्या उद्यमनगरात होऊन गेले व त्यांच्या हातांतून मोठी कारखानदारी उभी राहिली. बॅटरीची शक्ती मोजणे, घट जुळविणे, तिच्यावर नजर ठेवणारी लहान यंत्रे बसविणे ही कामे आमच्या तंत्रनिकेतनांतील व आयटीआयमधील मुलांच्या आवाक्याबाहेरची नाहीत. संघाने तालुक्यागणिक नव्हे, तर प्रथम जिल्ह्यात एकच तपासणी केंद्र काढावे, त्याची रीतसर नोंद करावी व दहा-वीस दूध संस्थांत वर्षभर प्रयोग करून त्याचा खरा जमाखर्च सभासदांपुढे ठेवावा. तोटा आला तर तोही छापावा. घाईने पाचशे ठिकाणी पाट्या लावण्यापेक्षा वीस ठिकाणचा खरा हिशेब अधिक मोलाचा आहे.

काही मंडळी म्हणतील की, शहराने नवी बॅटरी वापरावी व तिचे उष्टे खेड्याने घ्यावे, हा शेतकऱ्याचा अपमान आहे. आम्हांस तसे वाटत नाही. अपमान आहे तो अजाणतेपणी दुसऱ्याची अडगळ पैसे मोजून घरात घेण्यात. डोळे उघडे ठेवून, कागद पाहून, कराराने व धन्याचे नाव लिहून घेऊन जुन्या वस्तूकडून योग्य काम करून घेणे, यात कमीपणा कसला? लिथियम, कोबाल्ट, निकेल ही द्रव्ये आपल्या देशात बहुतांशी बाहेरून येतात. ती एकदा आली की देशातच फिरत राहावीत यात सर्वांचेच हित आहे. पण हे चक्र जेथे तुटते तेथे त्याचा कचरा खेड्यात साचतो. म्हणून ते न तुटण्याची काळजीही खेड्यानेच अधिक घेतली पाहिजे.

पुढील वार्षिक सभांचे दिवस जवळ येत आहेत. आमची वाचकांस विनंती आहे की, आपापल्या दूध संस्थेच्या सभेत दोन प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्या संस्थेत आज कोणती बॅटरी आहे व तिचा कागद कोठे आहे? आणि ती संपल्यावर तिला उचलून नेणारा कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदली गेली, तर पुढील कामास आरंभ झाला असे आम्ही समजू.